बाळकृष्णाच्या गळ्यावरची रेघ

बुवा कीर्तनाला उभे राहायला दहा मिनिटं उरली होती आणि नवघरच्या मंडपातल्या मोठ्या पडद्यावर बाळकृष्ण गळ्यापाशी कापला जात होता. साईराजनं महिनाभर खपून कालियामर्दनाचं हे हलतं चित्र प्रोग्राम केलं होतं. घरी कसं झुळझुळ चालायचं! इथे कृष्ण हलला की आडवी रेघ उमटे. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. पुढच्या रांगेत आई डोळे मिटून नाम घेत होती.

"व्ही-सिंक चालू आहे ना? पडद्याच्या ठेक्यावरच चित्र बदलतंय ना?" पडदावाल्या पिंटूनं विचारलं.

"तीनदा बघितलं रे, चालूच आहे!"

"मग पडदाच बंद करू. देवाची मान तुटलेली दाखवणार का लोकांना?"

साईराजनं चौथ्यांदा सेटिंग उघडलं. तेवढ्यात साथ जुळवून घेताना गुणवंतबुवा झांजवाल्यावर खेकसले, "अरे, शेजाऱ्याकडे काय बघतोस? तबल्याकडे कान दे!"

साईराज चपापला. चित्र लॅपटॉपवर आणि मोठ्या पडद्यावर एकदमच जात होतं. लॅपटॉप सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलायचा, पडदा पन्नास वेळा. आणि प्रोग्रामनं ठेका धरला होता लॅपटॉपचा! त्यानं चित्र फक्त मोठ्या पडद्यावर ठेवलं. लॅपटॉपचा स्क्रीन काळा झाला. आता काही बिघडलं तर दुरुस्त करायलाही समोर काही दिसणार नव्हतं.

बुवांनी नमन धरलं. कृष्णानं कालियाच्या फण्यावर उडी घेतली आणि सबंधच्या सबंध उतरला. आईनं हात जोडले. साईराजनं मात्र आरती होईपर्यंत त्या गळ्यावरची नजर काढली नाही.