छत्रीच्या खटल्यात फाशी

आश्रुबाला फाशी झाल्याची बातमी झरीत पोचली, तेव्हा आश्रुबा परभणीच्या कोर्टात बाकावर बसून शेंगदाणे खात होता.

खटला छत्रीचा होता. आश्रुबाचा बोकड शेजारच्या भागवतच्या हरभऱ्यात शिरला, भागवतनं बोकडाला ढेकूळ मारलं आणि आश्रुबानं भागवतच्या पाठीत छत्री घातली. छत्री मोडली, पाठ शाबूत राहिली. तरी मारहाणीची केस उभी राहिली आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आज निकाल होता. आत जावं लागू शकतं, असं वकिलानं आश्रुबाच्या बायकोला सांगून ठेवलेलं. त्यामुळं तानुबाईनं सकाळपासून चूल पेटवली नव्हती.

गावाला बातम्या पुरवायचं काम रुद्रेशकडं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ‘झरी दणका’ नावाचं फेसबुक पेज. दोन्हीकडं हाती दिलेली गोष्ट पहिल्यासारखी परत मिळत नाही. कोर्टात मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून तो बाहेर व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिला. काच बंद, त्यामुळं ऐकू काही येत नव्हतं. पण दिसत होतं, आणि बातमीला तेवढं पुरतं असं त्याचं मत.

पहिली बातमी आली, ‘साहेब आले. चेहरा गंभीर.’ मग, ‘आरोपीची जांभई. पश्चात्ताप नाही.’ तेवढ्यात साहेबांनी काहीतरी लिहिलं, पेन झटकलं, पुन्हा लिहून पाहिलं आणि वैतागून निब कागदावर अशी दाबली की ती मोडली. जज निब कधी मोडतात हे सिनेमे पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. रुद्रेशनं सिनेमे भरपूर पाहिले होते.

‘ब्रेकिंग. साहेबांनी पेन मोडलं. आश्रुबाला फाशी.’

खाली लगेच श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एकानं लग्नातला फेट्याचा फोटो टाकला. एकानं विचारलं, बोकडाचं काय.

तानुबाईकडं सगळ्यात आधी धावत आली ती भागवतची बायको, सुलाबाई. बोकडानं हरभरा खाल्ल्यापासून तिनं हा उंबरा ओलांडला नव्हता.

“तानुबाई, आमी फाशी मागितली न्हवती वो.”

“मग छत्रीला एवढं कसं काय?”

“मला तरी काय म्हाईत. कायदे बदललेत म्हणं.”

दोघी रडल्या. मग सुलाबाईनं डोळे पुसून नवऱ्याला फोन लावला. भागवतनं मोबाइल कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला, तर फोन वाजतच होता.

“आवो, केस मागं घ्या.”

“का बरं? निकाल जेवणानंतर लागायलाय की.”

“लागला. फाशी. तुमच्या पाठीवर वळ तरी उठला होता का? आता या बाईसमोर मी जन्मभर कशी बसू? आदी केस मागं घ्या, मग घरी या. न्हाईतर येऊ नका.”

फोन बंद झाला. फाशी झालेला माणूस पलीकडं उभा राहून भजी खात होता. भागवत त्याच्याजवळ गेला.

“आश्रुबा, तडजोड करू.”

“का रं, एकदम?”

“तुला फाशी झालीय.”

आश्रुबानं तोंडातलं भजं गिळलं. “कदी?”

“सकाळीच.”

“मला कुणी बोललं न्हाई.”

सुट्टीनंतर वकिलांनी तडजोडीचा अर्ज दिला. साहेबांनी दोघांना दोनदा विचारलं, राजीखुशीनं करताय ना. दोघांनीही माना हलवल्या. साहेबांनी नव्या पेनानं सही केली. जुन्यातली शाई संपली होती.

संध्याकाळी दोघं एकाच एसटीतून उतरले. तानुबाई फाट्यावरच उभी होती. तिनं नवऱ्याची मान दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिली.

“हाय की जागेवर,” आश्रुबा म्हणाला. “भूक लागलीय लय.”

त्या दिवशी तानुबाईची चूल उशिरा पेटली, पण भाकरी चौघांच्या झाल्या. थापायला सुलाबाई बसली होती. बोकड दारातच बांधलेला होता. भागवतनं त्याच्याकडं पाहिलं नाही, एवढंच.

जेवणं चालू असताना ‘झरी दणका’वर नवी बातमी आली, ‘आमच्या बातमीचा दणका. आश्रुबाची फाशी रद्द.’

पहिला लाइक आश्रुबाचा होता.