करवंटीवरचा गंज

मित्रांनो, वेळ थोडा आहे म्हणून आधी ओळख सांगते. मी कुडाळच्या लोहाराने घडवलेली एक जुनी लोखंडी विळी आहे. सध्या भांडुपच्या एका भंगारवाल्याकडे पडले आहे.

सुगंधाने मला लग्नानंतर मुंबईला आणले. भांडणाऱ्या माणसांत लोक ‘विळ्या-भोपळ्याचं सख्य’ आहे म्हणतात, पण माझे भोपळ्याशी कधीच वाकडे नव्हते. माझा खरा मान खवणीचा. माझ्या टोकाच्या त्या दातेरी चकतीवर सुगंधा नारळ पार करवंटीपर्यंत खरवडायची. खोबरे वाया घालवणे तिला पाप वाटे. मी ओली राहिले की गंज चढे, आणि करवंटी आतून तांबूस होई.

तिची लेक अक्षता घाटकोपरच्या एका कॉलेजात संशोधन करते. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलमध्ये महागडे प्लॅटिनम लागते. त्याऐवजी करवंटीच्या कोळशाची पूड वापरायची, हा तिचा ध्यास. घरच्या करवंट्या ती भट्टीत भाजायची. पहिल्या पुडीवर सेलला जोडलेला छोटा पंखा गरगर फिरला, तेव्हा तिने घरी येऊन आईला मिठी मारली. मीही मनातून फुलले.

त्याच आनंदात सुगंधाने चकचकीत स्टीलची विळी घेतली. मी गोणपाटात गेले. आणि त्यानंतर एकही पूड चालेना. अक्षता जेवेना, बोलेना. येत्या शनिवारी परीक्षकांसमोर पंखा फिरला नाही, तर तिचे काम बंद होणार आहे. काल ती दाराशीच बसून रडली.

“सर म्हणतात, पहिल्या पुडीत कुठून तरी लोखंड आलं होतं. वरून घातलं तर त्याचे नुसते गोळे होतात. आई, नक्की बदललं काय गं?”

“माका काय ठावक? नारळ गावचेच, करवंट्यो त्योच,” सुगंधा म्हणाली. “नवी विळी इली तेवढी.”

तेवढ्यात अक्षताचा फोन वाजला आणि ती बोलत आत गेली. मी गोणपाटात ओरडत होते, ते लोखंड माझे आहे, माझा गंज आहे! पण लोखंडाला तोंड कुठे असते? दारात भंगारवाला आला. सुगंधाने मला जपून आडवी धरून त्याच्या हाती दिली, कारण विळी उभी ठेवू नये असे ती मानते. त्याने मला इथे उभीच फेकली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती काय काय करत होती, ते एकदा आठवा. आणि तुमच्यापैकी कोणी अक्षताला ओळखत असेल, तर आजच सांगा. उद्या टेम्पो येईल आणि मी वितळवणाऱ्या भट्टीत जाईन. माझे पाते गेले तरी चालेल. माझी खवणी तेवढी तिला नेऊन द्या, आणि कृपा करून ती घासू नका.