स्वतःच तपासलेल्या डिस्क

दिनांक १२ फेब्रुवारी २०११, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे, डिस्क अकरा. दादांनी पहिली डिस्क धाकट्या बहिणीच्या प्लेअरमध्ये सरकवली आणि ऐटीत खुर्चीवर मागे रेलून बसले. पडद्यावर त्यांची दिवंगत आई दिसायची होती. दिसले एवढेच : डिस्क वाचता येत नाही.

“उलटी घातलीस का रे?” बहिणीने विचारले.

“तंत्रनिकेतनात शिकवण्यात जन्म गेला माझा,” दादा म्हणाले. तरी बाहेर काढून पाहिली. सुलटीच होती.

दुसरी घातली. तिसरी. दर वेळी आत थोडी घरघर आणि पुन्हा तेच वाक्य. अकरावी बाहेर आली तेव्हा दादांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

आईचे हलते-बोलते रूप आता फक्त या डिस्कवर होते. मूळ व्हिडिओ टेप दादांनी मागच्याच महिन्यात भंगारात दिल्या होत्या. बहीण म्हणाली होती, राहू देत की. त्यावर, प्रत्येक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून घेतली आहे, मग अडगळ कशाला, असे उत्तर तिला मिळाले होते. ते खोटेही नव्हते. कोऱ्या डिस्क निवडताना दादांनी दुकानदाराला सळो की पळो करून सोडले होते. निरनिराळ्या प्रकारच्या डिस्क घरी आणून, उजेडात धरून, उन्हात तापवून त्यांनी एक प्रकार पसंत केला होता आणि सगळ्यांत संथ वेगाने त्यावर चित्रण उतरवले होते.

“तुझा प्लेअरच जुना झालाय,” ते म्हणाले.

बहिणीने शेजारचा नवाकोरा प्लेअर मागून आणला. त्यानेही हात टेकले.

डिस्क उचलून दोघे दादांच्या घरी आले. ज्या बर्नरने त्या लिहिल्या होत्या, त्यांच्या संगणकाच्या त्याच बर्नरमध्ये डिस्क ठेवताच चित्र लख्ख उमटले. आई स्वयंपाकघरातून दटावत होती, “बंद कर रे ते. केस तरी विंचरू दे.”

बहिणीचा जीव भांड्यात पडला. दादांना मात्र घोळ उमगला. बर्नरचे भिंग केसभर सरकलेले असणार. त्याने तिरके लिहिले, आणि तेच तिरके त्याला सरळ वाचता येत होते. दुसऱ्या कोणत्याही यंत्राला ते अक्षर लागत नव्हते. आणि दादांनी प्रत्येक डिस्क तपासली होती ती याच बर्नरवर.

“म्हणजे पेपर तूच काढलास, तूच सोडवलास, तूच तपासलास,” बहीण म्हणाली. “वर पैकीच्या पैकी दिलेस.”

“एका मापाची खात्री दुसऱ्या मापाने करा, हे मुलांना मीच शिकवायचो गं.”

“ते राहू दे. आता हा बंद पडायच्या आत काय ते उतरवून घे.”

दादांनी एकेक डिस्क संगणकावर उतरवायला घेतली. पुढे नव्या बर्नरवर पुन्हा डिस्क करायच्या आणि तपासायच्या बहिणीच्याच प्लेअरवर, असे तिने बजावले. दुपार कलली तसा बर्नरचा आवाज घोगरा होत गेला. दहावी डिस्क आत गेली, खट्ट झाले आणि दिवा विझला. दादांनी टाचणीने कप्पा उघडला, तार काढून पुन्हा जोडली. दिवा लागला नाही.

“या डिस्कवर काय होतं?”

“तुझ्या लेकीला आई झोका देतेय, ते.”

बहिणीने ती डिस्क कप्प्यातून काढून पाकिटात ठेवली.

अकरापैकी नऊ उतरल्या.