पडद्याचं कपाट

म्हाताऱ्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याचा ओळंबा जसा कधी तिरका लोंबत नाही, तशी याने नांगरलेली ओळ कधी तिरकी गेली नाही, म्हणून. चाळीसेक वर्षं तो सहा घरांची शेतं नांगरत, पेरत, कापत आला होता आणि एकदाही चिखलात रुतला नव्हता. निदान तो तसं सांगायचा, आणि इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्यांना पाठ झालं होतं.

न रुतणं ही तिथे साधी गोष्ट नव्हती. त्या जमिनीच्या पोटात झरे होते. वर गहू डुलत असायचा आणि खाली नुसता गाळ. म्हणून सहा घरांनी एक नियम केला होता. जो रुतेल त्याने त्याच संध्याकाळी सहाही दारांत उभं राहून सांगायचं, की अमुक ठिकाणी मी रुतलो. ऐकणाऱ्याने हसायचं नाही, फक्त म्हणायचं, "बरं झालं सांगितलंस." हसायचे ते नंतर, मनसोक्त. आणि त्या जागेला त्या माणसाचं नाव पडायचं ते कायमचं. विहिरीजवळ फिटरचा चिखल होता. बांधाच्या वळणावर मास्तरांचा. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, शिकवलेली मुलं त्यांना विसरली, पण चिखल काही विसरला नाही.

ओळंब्याच्या नावाचा चिखल कुठेच नव्हता. त्याचा त्याला केवढा तोरा!

यंदा मात्र त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. हार्वेस्टरच्या शिडीच्या चार पायऱ्या त्याला डोंगर झाल्या. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर, आणि यंत्राचा आवाज ऐकला की त्यालाच गोळी घ्यावी लागायची. उरली सून. तिला त्या हार्वेस्टरचं वेड होतं. दोन वर्षं ती केबिनमध्ये सासऱ्याच्या खांद्यामागे उभी राहून शिकली होती. कुठला पट्टा सैल झाला ते ती आवाजावरून सांगायची. उरलेल्या पाच घरांनी नाकं मुरडली, कुजबुज केली, आणि शेवटी एक दिवस दिला. मोठं शेत संध्याकाळपर्यंत नीट कापलं तर हंगाम तिचा. नाहीतर बाहेरून चालक आणायचा.

आदले दोन दिवस अवेळी पाऊस पडून गेला होता. सकाळी सून शिडी चढली तेव्हा म्हातारा खाली काठी टेकून उभा होता.

"बाबा, काही सांगायचंय?"

"दोन टोकांना दोन खुणा धर आणि नाकासमोर चालव," तो म्हणाला. मग शेताच्या मध्याकडे बघून म्हणाला, "तिकडे जरा..."

"तिकडे काय?"

त्याच्या मागे मास्तर आणि फिटर उभे होते. म्हाताऱ्याने घसा खाकरला. "काही नाही. सरळ जा."

ती सरळ गेली. इतकी सरळ की मास्तरांनीही मान डोलावली. अकराच्या सुमाराला शेताच्या बरोबर मध्ये हार्वेस्टरचं पुढचं डावं चाक खाली बसलं. तिने मागे घ्यायला बघितलं तर ते आणखी बसलं. तिने लगेच इंजिन बंद केलं. शहाण्या माणसाने तेच करावं, पण त्या वेळी तिचं शहाणपण कोण बघतोय? एवढं अवजड यंत्र एका कुशीवर कलून उभं होतं आणि पाच घरांची माणसं बांधावरून चालत येत होती.

"नवा चिखल!" फिटर ओरडला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण आनंद लपत नव्हता. "सूनबाईंचा चिखल! काका, चाळीस वर्षांत तुमच्या घरात पहिलाच की!"

सून खाली उतरली. तिचे पाय पोटरीपर्यंत बरबटले होते. चाकाभोवती एकदा फिरली, कापलेली ओळ मागे वळून पाहिली, चाकाजवळ वाकली, पुन्हा फिरली. फिटर ट्रॅक्टर आणि साखळदंड आणायला गेला, फळ्या आल्या, तास गेला, तरी ती तेच करत होती. मग तिने खिशातून किल्ली काढली आणि सासऱ्याच्या हातात ठेवली.

"बाहेरून माणूस बोलवा, बाबा. मला नाही जमत."

म्हाताऱ्याने किल्लीकडे पाहिलं. थोड्या अंतरावर त्याची बायको पाण्याची कळशी घेऊन उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती. एक शब्द बोलत नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारात तिचं न बोलणं त्याने नको तितकं ऐकलं होतं.

"हा नवा चिखल नाही," तो म्हणाला. "हा माझा आहे."

मग मास्तर हळूच हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माया आहे रे तुझी पोरीवर. पण म्हणून काहीही अंगावर घेशील?"

"काहीही काय! खरं सांगतोय. लग्नाला चार महिने झाले होते. तुम्ही सगळे पलीकडच्या गावात लग्नाला गेला होतात. मी ट्रॅक्टर घेऊन इथे रुतलो."

"काका, आम्ही लहान होतो, पण खुळे नाही," फिटर म्हणाला.

आयुष्यभर म्हाताऱ्याच्या थापांवर विश्वास ठेवणारी ही माणसं, नेमकं खरं सांगितलं त्या दिवशी ऐकायला तयार नव्हती. सूनही म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी खोटं बोलू नका. त्याने आणखी लाज वाटते."

तेव्हा म्हातारीने कळशी खाली ठेवली.

"त्या डाव्या चाकापुढे खणा," ती म्हणाली. "माझ्या कपाटाची दारं निघतील."

त्यांच्या स्वयंपाकघरात एक मोठं लाकडी कपाट होतं. त्याला दारं नव्हती, फुलाफुलांचा पडदा होता. विचारलं की म्हातारा म्हणायचा, वाळवी लागली. दोन्ही दारांना लागली आणि बाकीच्या कपाटाला कशी नाही, असं सुनेने एकदा विचारलं होतं, तेव्हा त्याने वाळवीच्या स्वभावाबद्दल बरंच काही सांगितलं होतं.

फिटरने फावडं मारलं. हातभर खाली खट्ट वाजलं. चिखलातून काळी फळी वर आली, आणि फळीला पितळेची मूठ होती.

"चाकाखाली घालायला दुसरं काही मिळेना," म्हातारी म्हणाली. "दारं नवीकोरी होती, माझ्या माहेरची. हे रडायला आले होते. मग काय करणार? दिली काढून."

आता मात्र जे हसू फुटलं ते आवरेना. मास्तर तर हसत खालीच बसले. चाळीस वर्षं 'मास्तरांचा चिखल' ऐकून घेतलेल्या माणसाला तेवढा हक्क होता.

सून हसली नाही. तिने ती मूठ हातात घेऊन अंगठ्याने पुसली.

"म्हणून दर वर्षी एवढा तुकडा तुम्ही विळ्याने कापायचात. कोंबड्यांसाठी म्हणून."

"हो."

"आणि सकाळी 'तिकडे जरा' म्हणालात, ते हेच."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"लाज वाटली," म्हातारा म्हणाला.

"मी तासभर माझी चूक शोधत होते, बाबा." तिने मागच्या कापलेल्या ओळीकडे बोट केलं. "ओळ बघितली, खुणा बघितल्या. म्हटलं, कुठेतरी मीच चुकले असणार. तुम्ही शिकवलेलं कसं चुकेल?"

ते त्याला फार लागलं. अख्खं गाव हसलं असतं तरी एवढं लागलं नसतं. दाखवायला नको म्हणून तो किल्लीकडे बघत राहिला, पण डोळे भरून आलेच. "चुकलं ते माझं, पोरी. तुझं नाही. पाऊस दोनच दिवस झाला, यंत्र निघून जाईल, असं मनाशी म्हटलं. माझं नाव राखायला तुझं घालवत होतो मी."

त्याने किल्ली पुढे केली. तिने हात मागेच ठेवला.

"आधी सांगा. अजून कुठे कुठे?"

"अजून कुठे नाही."

"बाबा."

"नाही म्हटलं ना! माझी शपथ."

"एक आहे," म्हातारी म्हणाली. "खालच्या शेतात, बाभळीपाशी. यांचा नाही, माझा आहे." सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली तशी तिने पदर खोचला. "बघता काय? त्याच वर्षी मी पण शिकत होते. एकदा रुतले आणि पुन्हा कधी चढले नाही. त्याच दिवशी मला पुन्हा वर बसवायला हवं होतं यांनी. तेवढं सोडून बाकी सगळं केलं. ट्रॅक्टर ओढून काढला, धुतला, आणि आजतागायत अवाक्षर काढलं नाही."

म्हातारा जमिनीकडे बघत होता. सुनेने त्याच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि किल्ली घेतली.

ट्रॅक्टरने ओढून यंत्र बाहेर निघायला दोन वाजले. मग ती चढली आणि त्या जागेला छान वळसा घालून दिवस मावळता मावळता तिने शेत संपवलं. बाहेरच्या चालकाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. परीक्षा कुणाची होती तेच कळेना, असं फिटर म्हणाला.

संध्याकाळी म्हातारा आणि म्हातारी पायात चपला घालून निघाली. गुडघे कुरकुरत होते, पण त्याने पाचही दारांत उभं राहून सांगितलं, की मोठ्या शेतात मध्यभागी मी रुतलो. तिने सांगितलं, बाभळीपाशी मी. अडतीस वर्षं उशिरा का होईना. पाचही दारांत लोकांनी ओठ घट्ट मिटून म्हटलं, बरं झालं सांगितलंत, आणि दार लागताच आतून खिदळण्याचा आवाज आला.

सहावं घर त्यांचं स्वतःचं. दार उघडंच होतं. आत सून पडदा बाजूला सारून कपाटात ताटं लावत होती. पितळेची मूठ चिंचेने घासून तिने फळीवर ठेवली होती. म्हातारा उंबऱ्याबाहेरच थांबला आणि त्याने काठी सरळ धरली.

"मोठ्या शेतात, मध्यभागी," तो म्हणाला. "मी रुतलो."

तिने हात पुसले आणि दारात आली. तो अजून काठी सरळ धरून उभाच होता.

"बरं झालं सांगितलंत, बाबा," ती म्हणाली. "आत या आता."