वळणावर थांबलेली वरात

कोण हललं?

टायर फुटला तेव्हा आम्ही सगळेच हॉर्न वाजवत होतो, त्यामुळे फुटल्याचा आवाज मला आलाच नाही. स्टिअरिंग हाताला ओढायला लागलं, गाडीचं बूड डावीकडे बसलं आणि मला वाटलं, मागे मिलुंकाआत्याने कूस बदलली.

"आत्या, जरा मध्ये सरक."

"मी मध्येच आहे. तुझंच डोकं सरकलंय."

मग चाकाखालून फटफट आवाज यायला लागला आणि मी थांबलो. जिथे थांबायला नको होतं, नेमका तिथे.

मग हॉर्न कशासाठी?

पुढची गाडी मामाची होती. तिने थांबावं म्हणून मी हॉर्नवर हात दाबून धरला. मामाने त्याहून लांब हॉर्न वाजवला. खिडकीतून एक हात बाहेर आला, त्यात राकियाची, आमच्याकडच्या घरगुती दारूची, बाटली होती. बाटली हलली, आणि मामाची गाडी पुढच्या वळणाआड गेली. तिच्या पुढे सगळं वऱ्हाड, आणि सगळ्यात पुढे निशाणवाला. आमची गाडी शेवटची.

चारी इंडिकेटर लावायला बोट पुढे केलं, तर ते लागलेलेच होते. नवरीच्या अंगणातून निघाल्यापासून सगळ्या गाड्यांचे लागलेले होते. वरात आहे, असंच करतात. आता संकट आलंय हे सांगायला मी आणखी काय लावू?

फोन काढला. लिम नदीच्या त्या घळीत फोनला काही ऐकू येत नाही. आम्ही नेहमीच्या रस्त्याने आलो असतो तर गोष्ट वेगळी होती, पण वरात गेल्या वाटेने परत येत नाही. म्हणून हा जुना रस्ता.

गाडीत कोण कोण?

मी ओग्न्येन, नवऱ्याचा धाकटा भाऊ. थोरला स्त्राहिन्या चर्चपाशी वाट बघत होता. आमच्या भागात नवरीला घरातून आणायचं काम दिराचं. तिचा हात धरायचा, चर्चच्या दारात तो भावाच्या हातात द्यायचा, आणि मधल्या वाटेत तिला एकटं सोडायचं नाही. सकाळी स्त्राहिन्या मला म्हणाला होता, "ओग्न्या, बाकी काही विसरलास तरी चालेल." एवढंच.

मागच्या सीटवर येलिसावेता, म्हणजे येलावहिनी. अजून लग्न लागायचं होतं, तरी सकाळपासून ती मला भावोजी म्हणत होती आणि मी दर वेळी मागे वळून बघत होतो, कोणाला म्हणतेय म्हणून.

तिच्या शेजारी मिलुंकाआत्या, बाबांची बहीण. काका गेल्यापासून आत्या शोकाच्या काळ्या कपड्यांतच असते. आज लग्न, वरातीत काळं दिसलं तर अपशकुन, असं म्हणत तिने वरून फुलाफुलांची मोठी शाल गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून घेतली होती. काय करायचं आणि काय नाही, हे सगळं तिला पाठ. आम्हाला ती सांगेल तेव्हा कळतं.

मी नक्की कुठे होतो?

मागे एक पलीकडचं काही न दिसणारं वळण, लगेच पुढे आमची गाडी. आमच्याकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात; उजवीकडे लोखंडी कठडा, त्याच्या अलीकडे-पलीकडे थोडं गवत आणि खाली नदी. डावीकडे वाहता रस्ता, मग सरळ उभा कडा. फुटलेलं चाक डावं, मागचं. म्हणजे मी ते बदलायला बसलो तर माझे पाय रस्त्यात.

मी उतरलो. तेवढ्यात वळणाआडून लाकडांचा ट्रक आला. मला दिसला तो ट्रक नव्हताच, एक भिंत होती. भिंतीने आनंदाने भोंगा वाजवला, गाडीच्या इतक्या जवळून गेली की वरातीची खूण म्हणून आरशाला बांधलेला नक्षीचा टॉवेल सरळ आडवा झाला, आणि गाडी पाळण्यासारखी डोलली.

काचेआड वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. कपड्यांइतका.

तेव्हा मला कळलं. पुढचा ट्रक जरा आत आला की सगळं संपलं. आणि ती मागच्या सीटवर होती.

आधी काय?

गाडी शिकताना हे सगळं शिकवलं होतं. माणसं उतरवा, कठड्यापलीकडे न्या. चमकणारं जॅकेट घाला. लाल त्रिकोण मागे लांब ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही मागे. हँडब्रेक. चाकाला दगड. गाडी उचलायच्या आधी नट सैल करा. मला सगळं आठवत होतं, पण उलट्या क्रमाने. मी आधी दगड शोधायला लागलो.

"भावोजी, काय शोधताय?"

"दगड."

"कोणाला मारायला?"

"वहिनी, उतरा. दोघी उतरा. कठड्यापलीकडे."

"नवरी वाटेत कुठे रस्त्यावर पाय टेकत नाही," आत्या म्हणाली.

असं खरंच कुठे असतं का, मला माहीत नाही. आत्या म्हणाली म्हणजे असेल.

"आत्या, तो ट्रक बघितलास ना?"

"बघितला. तू हात धर तिचा."

"हात धरला तर त्रिकोण कोण ठेवणार?"

"त्रिकोण नंतर."

"आणि त्रिकोण ठेवायला वळणामागे गेलो, तर हात कोण धरणार?"

"म्हणून तर म्हणते, नंतर."

मी एक पाऊल वळणाकडे टाकलं, एक गाडीकडे. परत एक वळणाकडे. माझं तिथे नाचणंच चाललं होतं म्हणा. तेवढ्यात एक लाल गाडी गेली. आतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

वहिनीने दार उघडलं, उजवीकडचं, झगा गोळा केला आणि गवतात उतरली. "हे गवत आहे, आत्याबाई. रस्ता नाही."

आत्याने शाल सावरली. ती मागोमाग उतरली. मी दोघींना कठड्यावरून पलीकडे घेतलं. झग्याचं एक टोक कठड्यात अडकून फाटलं.

त्रिकोण कुठे होता?

डिकीत. सगळ्यात खाली. त्याच्या वर:

स्टेपनीचं झाकण, त्याच्या वर वहिनीच्या आईने दिलेल्या उशा आणि रजया, त्यांच्या वर राकियाच्या बाटल्यांचा खोका, खोक्यावर भाजलेलं अख्खं डुकराचं पिल्लू तोंडात सफरचंद घेऊन, आणि पिल्लावर माझा कोट.

एकेक बाहेर काढून मी कठड्याला लागून मांडत गेलो. दुसरीकडे ठेवणार कुठे?

आणि एक गाडी थांबली. वळणाच्या ऐन तोंडावर, आमच्या मागे. चौघे उतरले, हसत.

"वरात अडवलीय का? वा! आता आम्हीही अडवणार! नवरी सोडायची तर प्यायला द्या!"

"अहो, टायर फुटलाय."

"सगळे असंच म्हणतात!" त्यातला जाडा माणूस म्हणाला आणि बाटली उचलली. "नवरीच्या नावाने!"

"गाडी काढा तिथून! वळण आहे!"

"काढतो, काढतो. पिल्लू कुठल्या गावचं आहे? रंग काय आलाय!"

ते प्यायले. एकाने गाणं सुरू केलं. वहिनी कठड्यापलीकडून ओरडली, "अहो, खरंच फुटलाय!" तर त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. ज्याने बाटलीला हात लावला नव्हता तो स्टिअरिंगवर बसला आणि ते हॉर्न वाजवत गेले. मी त्यांना ढकलायला हवं होतं. मी त्यांना, पिणाऱ्याला म्हणतात तसं, प्रकृती सांभाळा म्हणालो. तोंडातून तेच आलं.

मग मी त्रिकोण घेऊन धावलो का?

धावलो. आणि थांबलो. मागून वहिनी म्हणाली, "भावोजी, जा! मी कुठे पळून जाणार आहे?" आत्या म्हणाली, "ओग्न्या, हात!" दोघी एकदमच म्हणाल्या. मी त्रिकोण हवेत धरून रस्त्याच्या कडेला उभा.

शेवटी गेलो. वळणामागे, जिथून सरळ रस्ता दिसतो तिथपर्यंत. त्रिकोण ठेवला. वाऱ्याने पाडला. दगडाचा आधार दिला. जॅकेट घालून हात वर केले, हळू, हळू. पहिल्या गाडीने हॉर्न वाजवला, आतल्या माणसाने माझ्यासारखेच हात वर केले आणि खांदे हलवले. माझ्या शर्टावर नवरीकडच्यांनी टाचलेला फुलांचा गुच्छ जॅकेटच्या वर आला होता. दुसरी गाडीही तशीच, जोरात. कोणी ब्रेकला पाय लावेना. सगळे आमच्यासाठी खूश होते.

मी इथे उभा राहिलो तर चाक कोण बदलणार? चाक बदलायला गेलो तर इथे कोण? आणि चाक रस्त्याकडचं. मी पाना घेऊन तिथे वाकलेला, आणि वळणावरून एक खूश माणूस.

"मी उभी राहते," वहिनी म्हणाली. ती कठड्यापलीकडूनच चालत आली होती. "मला बघून थांबतील."

ती पांढऱ्या झग्यात गवतात उभी राहिली आणि तिने हात वर केला. येणाऱ्या व्हॅनने हॉर्नवर अख्खी धून वाजवली. ड्रायव्हर तिला बघता बघता वळणावर इतका आत गेला की कड्याला घासता घासता वाचला.

"नको," मी म्हणालो. "वहिनी, नको. तुम्ही खाली बसा."

आत्या काय करतेय?

आत्या कठड्याला धरून धरून आमच्यापर्यंत आली होती. ती रस्त्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग नवरीकडे. मला वाटलं, आता परत हाताचा विषय काढणार.

तिने शालीची टाचणी काढली. शाल काढून तिची नीट घडी केली आणि वहिनीच्या हातात दिली. खाली सगळं काळं. काळा ब्लाउज, काळा घागरा, काळे मोजे. खिशातून काळा रुमाल काढून डोक्याला बांधला.

"आत्या, हे काय?"

"तू चाक बघ."

"वरातीच्या वाटेत काळं? तूच तर..."

"ओग्न्या, मी काय म्हणाले ते मला माहीत आहे. चाक बघ. आणि पोरी, तू कठड्याच्या पलीकडेच बस. इकडे बघू नकोस."

ती कठडा ओलांडून रस्त्याच्या बाजूला, त्रिकोणाच्या अलीकडे, कठड्याला टेकून उभी राहिली. हात फारसा वर केलाच नाही. नुसता पुढे धरला, तळवा खाली, पोराला निजवताना धरतात तसा.

पुढची गाडी लांबूनच हळू झाली. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला, क्रूसाची खूण केली आणि गाडी रांगत पुढे गेली. त्याच्या मागचीही. हॉर्न नाही, काही नाही.

मी गाडीकडे पळालो, कठड्यापलीकडून वहिनीही. दगड लावला. नट सैल केले, एक हलेना, त्यावर उभा राहिलो. जॅक. माझे पाय रस्त्यातच होते आणि माझ्या शेजारून गाड्या माणूस चालतो त्या वेगाने जात होत्या.

मग तो आवाज आला. लाकडांचा दुसरा ट्रक, उतारावर, भरलेला. मी उठायला गेलो तर पाय मुंग्यांनी भरलेला. वहिनी उभी राहिली. मला वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. ब्रेकची लांब किंकाळी ऐकू आली, ती संपेना, मग हवा सुटल्याचा फुस्स आवाज, मग काहीच नाही.

मी लंगडत वळणावर गेलो. ट्रक उभा होता. त्रिकोण त्याच्या पुढच्या चाकाखाली चपटा झाला होता. त्याच्या पुढे, कठड्याला चिकटून, आत्या. हात तसाच पुढे.

ड्रायव्हरने टोपी काढली होती. तो खिडकीतून हलक्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं, माई?"

"अजून कोणी नाही," आत्या म्हणाली. "इथेच थांब. मागचे दिवे लाव."

मग ती का बसेना?

ट्रक तिथेच उभा राहिला आणि ट्रकवाला उतरून वळणावर, आम्हाला दिसेल असा, पहाऱ्याला आला. मी स्टेपनी चढवली, जॅक उतरवला, नट परत आवळले. पिल्लू, खोका, उशा सगळं भरलं, या वेळी कुठल्या क्रमाने कोण जाणे. वहिनी आत बसली, आत्या येऊन बाहेरच उभी. मी दार धरून उभा.

"आत्या, चल."

"तुम्ही व्हा पुढे. मी चालत येते."

"इथून? अंधार पडेल!"

"वरातीच्या वाटेत मी काळं घालून उभी राहिले. आता नवरीच्या गाडीत बसत नाही."

"मग शाल घाल की."

"शाल घालून काय होतंय? दिसलं ते दिसलं."

"कोणाला दिसलं? त्या ट्रकवाल्याला?"

"मला."

तिचं म्हणणं चूक होतं की बरोबर, हेच मला कळेना. तिने केलं नसतं तर बरं झालं असतं असं म्हणू, की केलं म्हणून पाया पडू? आणि पाया पडलो तर ती मला पाना फेकून मारेल.

वहिनी उतरली. सरळ रस्त्यावर पाय टेकून. मी सवयीने हात पुढे केला. तिने माझ्या शेजारून जाऊन आत्याचा हात धरला.

"आत्याबाई, चला."

"पोरी, तुला कळत नाही."

"नाही कळत. बसा."

"हात सोड. त्याने धरायचा असतो."

"त्यांचे हात ग्रीसने भरलेत. बसा तुम्ही, नाहीतर मीही चालत येते. फाटक्या झग्यात."

आत्या वळणाकडे बघत राहिली. ट्रकवाला टोपी हातात घेऊन दुसरीकडे बघत होता. मग ती बसली. दाराच्या अगदी कडेला, पाहुण्याच्या घरी बसतात तशी. वहिनी तिच्या शेजारी बसली आणि तिने हात सोडला नाही.

"चर्चच्या दाराशी मी थांबेन," आत्या म्हणाली. "आत येणार नाही."

"मग मीही दाराशीच."

"मग आत पाद्री लग्न कोणाचं लावणार?"

"भावोजींना विचारा. दीर आहेत ते, त्यांना माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. मी आरशात बघितलं. ट्रकवाल्याने हाताने खूण केली, रस्ता मोकळा आहे. मी गाडी हळूच रस्त्यावर घेतली. मागे दोघींचं चाललंच होतं.