पाठकोरे

कमलिनीबाईंनी मृणालच्या भातावर तुपाची आणखी एक धार सोडली आणि तव्यावरची पोळी उलटत सहज म्हणाल्या, "सांगाचं राहूनच गेलं तुले. तुह्या बोर्डायले टिका लावून दिला होता मी."

मृणालचा घास हातातच राहिला.

"कुठे लावला?"

"मांगून. समोरून कशाले लावीन? इतकं समजते मले. तू आंघोळीले गेली होती, तेवढ्यात आटोपलं."

त्या घरात नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय कधी उंबरठा ओलांडत नसे. स्कूटरला लागलं होतं, कूलरला लागलं होतं, इतकंच काय, घरी आलेल्या कामाच्या कॉम्प्युटरलाही दोन बोटं उमटली होती. कमलिनीबाईंच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सांगितलं ते फक्त लेकीला बरं वाटावं म्हणून.

"आई, बाद केलंस तू मला," मृणाल म्हणाली.

रसमड्याच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या बायकांसाठी सरकारी पैशातून वसतिगृह बांधायचं होतं आणि आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली होती. नावं बंद पाकिटात, परीक्षकांसमोर फक्त नकाशे चिकटवलेले बोर्ड. पुढून किंवा मागून कसलीही खूण आढळली तर प्रवेशिका बाद, असं नियमात स्वच्छ लिहिलेलं. तो नियम मृणालला पाठ होता, कारण तोच तिचा आधार होता. एरवीच्या निविदांत आधी अनुभव मागत, आणि काम मिळाल्याशिवाय अनुभव यायचा कुठून? पावर हाउस भागात एका दुकानाच्या माडीवर बसून ती इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाळ्यांचे नकाशे काढत आली होती. इथे पहिल्यांदाच कोणी तिला, तू कोण, असं विचारणार नव्हतं.

"देवाचं नाव घेतलं, त्यात बाद कायचं?" कमलिनीबाईंचा आवाज उतरला. त्यांनी गॅस बंद केला.

मृणाल हात धुऊन उठली. बोर्ड तर केव्हाच जमा झाले होते. जाऊन सांगावं, तर कोणती प्रवेशिका आपली ते आपल्याच तोंडाने सांगितल्यासारखं होणार. न सांगावं, तर कोणीतरी बोर्ड उलटा करून पाहीपर्यंत जीव टांगणीला. इकडे आड, तिकडे विहीर. हे हात दाखवून अवलक्षण होईल हे कळत असूनही तिने स्कूटरला किल्ली लावली. खोटं बोलून जिंकायचं असतं तर तिने स्पर्धेची वाट कशाला पाहिली असती?

स्पर्धेचं काम देवराव नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. परीक्षकांत ते नव्हते. आलेलं सामान उतरवून घेणं, त्याला क्रमांक देणं आणि पाकिटं कुलपात ठेवणं एवढंच त्यांच्या हाती. मृणालने तोंड उघडताच त्यांनी तळहात वर केला.

"नाम नहीं बताना, मॅडम. नंबर भी नहीं।"

"नहीं बताती, सर। मान लीजिए, किसी की..." पुढचं हिंदी तिला सुचेना. "समजा, कोणाच्या तरी आईनं बोर्डाच्या मागे हळदकुंकू लावलं असेल, तर?"

देवराव खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसायला लागले.

"कोणाच्या तरी आईनं?" तेही मराठीवर आले. "अवो मॅडम, गठ्ठे सोडले तं आमचा हॉल देवघरावानी दिसून राहिला होता. कोणाले स्वस्तिक, कोणाले श्री, कोणाले अक्षता चिकटलेल्या. एकाले तं लिंबू-मिरची बांधून होती."

"मग ते सगळे बाद?"

"सगळेच बाद केले तं बांधाचं काय? आमची स्पर्धेची समिती म्हणाली, सगळ्यायलेच टिका हाय, मंग त्यात वळखाचं काय? जाऊ द्या."

मृणालचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ आपण पर्सचा पट्टा पिळत होतो हे तिला आत्ता कळलं. ती आभार मानून उठली, तोच देवराव बोलले, आणि या वेळी ते हसत नव्हते.

"मले मात्र रातभर चैन नाही पडलं. टिका असलेल्यायले कोण वळखते? पण दोन-चार बोर्ड कोरे होते. कोणाच्या घरी टिका लावत नाहीत, हे काय कोणाले सांगा लागते?"

मृणाल पुन्हा खुर्चीत बसली. नियमात तर कोरेच बोर्ड मागितले होते.

"मग?"

"मंग समितीले पुन्हा बसवलं. ठराव झाला, पंचनामा झाला, आन् सगळ्याच बोर्डायले मांगून खाकी कागद चिकटवला. परीक्षक अजून याचेच हायेत. आले का सगळे सारखेच दिसतीन त्यायले."

बाहेर येऊन मृणाल स्कूटरवर बसली, पण तिने ती सुरू केली नाही. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मघापासून आपण खुणेला घाबरत होतो, आणि खूण नसलेल्यांचा विचार आपल्या मनाला शिवलाही नाही, याची तिला लाज वाटली. तरी सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता. ती घरी जाईस्तोवर रस्ताभर एकटीच हसत होती.

कमलिनीबाई तशाच बसून होत्या. जेवलेल्या नव्हत्या.

"काय म्हणाले?"

मृणालने सगळं सांगितलं. खाकी कागदाचं सांगताना तिने आवाज जरा मऊ केला, कारण आईला वाईट वाटेल अशी तिची खात्री होती.

"म्हणजे माह्या टिक्यावर कागद चिकटवला त्यायनं?"

"हो."

कमलिनीबाईंनी दोघींची ताटं पुढे ओढली.

"बरं केलं. देवाले कागदातूनही दिसते."