पोळ्याच्या दिवशी पराणी

बोरखडीच्या पोळ्यात, भर तोरणाखाली, बबनरावांनी पंजाबराव पुढाऱ्यांच्या टाळक्यात बैल हाकायची पराणी हाणली. हे अख्ख्या गावानं पाहिलं. का हाणली, हे मात्र जे तिथं नव्हतेच त्यांना जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांची बायको तानाबाई शेजारच्या मोनालीच्या मोबाइलवर तेच ऐकत बसली होती. दिग्रसचा चॅनेलवाला स्वानंद कोट घालून विचारत होता, "हल्ल्यामागं राजकारण आहे का?" यवतमाळचे वकील कमलाकर विरोधी पक्षाचे. ते म्हणाले, हा कापसाच्या भावासाठी पेटलेला शेतकरी आहे. पंजाबरावांच्या पक्षाचा प्रवक्ता म्हणाला, विरोधकांनी धाडलेला माणूस आहे. तिसरे एक अभ्यासक होते. बबनरावांनी तोरणाखाली म्हटलेली झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, त्यांनी फोडून दाखवली:

"ढोल वाजे ढमढम, गाव झालं गोळा,
नवरदेव होऊन आला माहा चांद्या भोळा!"

"नवरदेव म्हणजे उमेदवार," अभ्यासक म्हणाले, "आणि भोळा हा उपरोध आहे."

चांद्या म्हणजे बबनरावांचा बैल. पोळ्यात बैलाचं कवतिक करायचं नाही तर काय अभ्यासकाचं करायचं?

तानाबाई तोरणापासून चार हातांवर उभी होती. पंजाबराव शेतकऱ्याच्याच पोटचे, पण गेली पंधरा वर्षं त्यांच्या पायांना मातीपेक्षा सतरंजीच जास्त लागलेली. यंदा तर ते निवडणुकीसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. कार्यकर्त्यांनी त्यांना 'शेतकरीपुत्र' म्हणून चांदीच्या वर्खाची पराणी भेट दिली. पोळ्याच्या दिवशी बैलावर कुणी हात उगारत नाही, पराणी तर घराबाहेर निघतसुद्धा नाही. पण कार्यकर्ते पडले शहरातले, त्यांना कोण सांगणार? मग फोटोची हौस आली. चांद्या काही कॅमेऱ्याकडं तोंड करीना. पंजाबरावांनी हसत हसत पराणीच्या टोकाची लोखंडी आर त्याच्या पुठ्ठ्यात टोचली. चांद्या हंबरला, तशी बबनरावांनी तीच पराणी हिसकावली. पुढचं सगळं चॅनेलच्या व्हिडिओत आहे, टोचल्याचं तेवढं नाही.

तेव्हापासून बबनराव पोलीस ठाण्यात आणि चांद्या उपाशी होता. पोळ्याची पुरणपोळी तो दरवर्षी बबनरावांच्या हातानं खायचा. तानाबाईनं रात्री दिली, सकाळी दिली, त्यानं हुंगलीसुद्धा नाही. आणि बैल जेवल्याशिवाय त्या घरात कुणी घास घेत नसे. तिला आता दुसरं काही सुचत नव्हतं; नवरा घरी यावा आणि बैलाच्या तोंडात घास जावा.

ती ठाण्यात गेली तेव्हा अंगणात मंडप घातल्यासारखी गर्दी होती. एका बाजूला डोक्याला पट्टी बांधलेले पंजाबराव, दुसऱ्या बाजूला कमलाकर वकील. दोघांकडंही बबनरावांच्या सहीसाठी टाइप केलेले कागद तयार होते. मारलं ते राजकारणासाठीच, यावर दोन्ही पक्षांचं एकमत. जन्मात पहिल्यांदाच झालं असेल. भांडण होतं ते फायदा कुणाचा यावर.

भावसिंग जमादार भला माणूस. त्यानं तिला बाजूला घेतलं. "माय, अजून काई लिवलं नाई. राजकारनासाठी मारलं मनून सही केली तं आंदोलनाची केस होते. तशा केसा पुढं सरकार मांगं घेते. आपसातलं भांडन लिवलं, तं तारखा करता करता मानूस खलास."

तानाबाई आत गेली. बबनराव बाकावर बसले होते. गुलाल अजून अंगावर तसाच.

"करा ना सही," ती म्हणाली. "कोनाच्याबी कागदावर करा. पन घरी चाला."

"करतो. मंग चांद्याले काय सांगू? तुह्यासाठी नाई रे, कापसाच्या भावासाठी मारलं मनून?"

"त्याले काय समजते?"

"मले तं समजते ना!"

तिला स्वतःचीच लाज वाटली. ती उठली आणि कोसभर चालत घरी गेली.

दुपारी ठाण्याच्या फाटकातून चांद्या आत आला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. कासरा तानाबाईच्या हातात, डोक्यावर पुरणपोळ्यांचं सूप. मागं निम्मं गाव.

"जमादारसाहेब, याची तक्रार लिवून घ्या," ती म्हणाली आणि तिनं झूल वर केली. पुठ्ठ्यावरचा गेरूचा ठसा तिनं पदरानं पुसला. खाली सुजलेली जखम होती, रक्त वाळलेलं.

"पोळ्याच्या दिवशी?" गर्दीतली एक म्हातारी एवढंच म्हणाली.

टाळक्यातल्या पराणीनं पंजाबरावांचा चेहरा उतरला नव्हता, तो आता उतरला. ही गोष्ट गावोगाव गेली तर एक मत पडणार नाही, हे कळायला अभ्यासक लागत नव्हता. "वयनी, जाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "माही काई तक्रार नाई."

"आमची हाय ना! माफी मांगा. मले नका मांगू, त्याले मांगा."

पंजाबराव वाकले. पुरणपोळी घेऊन त्यांनी हात पुढं केला. चांद्यानं मान फिरवली. मग भावसिंगानं बबनरावांना बाहेर आणलं, आणि त्यांच्या हातातली पोळी चांद्यानं दोन घासांत संपवली. तानाबाईला हुंदका आवरला नाही.

संध्याकाळी मोनाली मोबाइल घेऊन धावत आली. स्वानंदनं पंजाबराव बैलापुढं वाकले एवढंच दाखवलं होतं, मान फिरवलेली कापून टाकली होती. खाली लिहिलं होतं: 'बैलाच्या पाया पडून पंजाबरावांचा प्रचार सुरू?' अभ्यासक पुन्हा आले होते.

"काय मन्तेत?" बबनरावांनी वाटीत हळद कालवत विचारलं.

"मन्तेत, समदं राजकारन होतं."

"असंल बाप्पा. त्याहिले ठाऊक," बबनराव हसले. ते गोठ्यात गेले, आणि जखमेवर हळद लावायला त्यांनी काल पराणी उगारलेला हात वर केला.

आठ वर्षांत चांद्या त्यांच्या हाताला कधी बुजला नव्हता. आज तो दचकून मागं सरला.